खालची डावी अक्कलदाढ

१० मार्च १९४६, सांगली

काल दिवेलागणीला सांगलीत उतरलो. कराडपासून सर्व्हिस मोटारीत गुळाच्या ढेपांना टेकून बसलो होतो, त्यामुळे सदऱ्याची पाठ अजून चिकट आहे. तरी मन प्रसन्न आहे. खोली मनासारखी मिळाली. नदीकडच्या गल्लीत साळूबाई नावाच्या विधवा बाई खानावळ चालवतात, त्यांच्या माडीवर राहतो. खिडकीतून कृष्णा दिसते. हीच नदी साताऱ्याकडे आमच्या गावाखालून वाहत येते. गावच्या घाटावर सोडलेलं फूल कधीतरी या खिडकीखालून जात असेल, असं सकाळी दात घासताना मनात आलं.

मी दातांचा डॉक्टर होणार हे कळल्यावर साळूबाई म्हणाल्या, "मग भाकरी कडक लागली म्हून तक्रार करायची न्हाई. तुज्याच धंद्याला मदत हाय ती."

दहा जूनला मुंबईला दंतवैद्यकाच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा आहे. शरीररचना, शरीरक्रिया, औषधं आणि दातांचं शास्त्र. इंटर होऊन दोन वर्षं झाली, सगळं पुन्हा काढायला हवं. दिवसा डॉ. आप्पासोंच्या दवाखान्यात हाताखाली काम, उरलेला वेळ वाचन. ही वही त्यांच्याच सांगण्यावरून. वाचलेलं आठवून लिहायचं, जे आठवणार नाही ते पुन्हा वाचायचं.

घरचं लिहायची मला सवय नाही. थोरला भाऊ नानासो शेती बघतो, त्याला मी दादा म्हणतो. लढाईत ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आला, पण त्याला अक्षरओळख नाही. म्हणून पत्र नाही, निरोप येईल तो गुंडा गाडीवानाकडून. बायको राही तिकडेच आहे. मुंबईला प्रवेश मिळाला की तिला नेईन असं सांगून निघालो. ती म्हणाली, आधी तुमी तर जावा.

१७ मार्च

डोक्याची हाडं झाली. जबड्याचे स्नायू चालू आहेत.

आप्पासो डॉक्टर कलकत्त्याला शिकून आले. शिकवताना पुस्तक फारसं उघडत नाहीत. दुपारी रोगी नसला की काढलेल्या दातांच्या पेटीतून एक दात माझ्या तळहातावर ठेवतात. बघायचं नाही. मूठ मिटून हात खिशात घालायचा आणि अंगठ्याने चाचपून सांगायचं, वरचा की खालचा, उजवा की डावा, कितवा. म्हणतात, तोंडात अंधार असतो, तिथं बोटांनाच दिसायला हवं. पहिल्या आठवड्यात सगळं चुकलं. आता बोटं आपोआप शोधतात. खिशात साळूबाईंनी दिलेले शेंगदाणे असले तरी त्यांना मुळं आहेत का बघतात.

आज त्यांनी मलाच खुर्चीत बसवलं. माझी खालची डावी अक्कलदाढ किडली होती, ती काढली. आरसा धरून आतला खड्डा दाखवला आणि दाढ धुऊन पेटीत टाकली. म्हणाले, "परीक्षेत अक्कल कमी पडली तर इथून घेऊन जा."

५ एप्रिल, गाव

पाडव्याला घरी आलो. उद्या परत.

हिच्या जबड्यात दुखतंय, डाव्या बाजूला, खाली. अंगणात उन्हाला बसवून छोट्या आरशाने पाहिलं. दादा आणि शेजारचे दोघे उभे होते, म्हणून मी जरा जास्तच सांगितलं. अक्कलदाढ अर्धी वर आली आहे, अर्धी हिरडीखाली आहे, वयाप्रमाणे येतेच, घाबरायचं नाही. शेजारी माना हलवत होते. मला बरं वाटलं.

ती म्हणाली, "आवं, गिळताना बी दुखतंय. एकदा नीट बघा की." मी आरसा पुसून खिशात ठेवला होता. लवंगेच्या तेलाची बाटली दिली आणि सांगितलं, परीक्षा झाली की मिरजेच्या दवाखान्यात नेतो.

"तुमची परीक्षा हुईस्तवर माजी अक्कल सगळी भायेर यील," ती म्हणाली. सगळे हसले. ती गालावर हात धरून हसली.

१४ एप्रिल, सांगली

चेहऱ्याच्या शिरा. पाठ होत नाहीत.

गुंडा गुळाची गाडी घेऊन पेठेत आला होता, तो खोलीवर आला. निरोप दादाचा. "वैनीला भाकर चावंना. गिळताना कण्हत्यात. नानासो इचारत्यात, मिरजंला न्यावं का?"

कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भरायला सांगितल्या. उतरेल. परीक्षा झाली की मी स्वतः नेईन. गुंडा म्हणाला, "तुमी शिकल्यालं. तुमाला ठावं." चहा न घेताच गेला. पान हरवू नये म्हणून मी पुस्तकात बोट घालूनच त्याच्याशी बोललो.

१८ एप्रिल

जबड्याखालची सूज हे प्रकरण वाचलं. अर्धवट आलेल्या अक्कलदाढेवर हिरडीची घडी राहते, तिच्यात पू होतो. तो खाली उतरला तर आधी गिळताना दुखतं. मग दातखीळ बसते. जबड्याखाली लाकडासारखी कडक सूज येते, जीभ वर उचलली जाते, श्वास कोंडतो. वेळीच घडी कापली तर काही होत नाही. तांबड्या पेन्सिलीने खूण केली. हे हमखास विचारतात.

खूण करताना गुंडाचं बोलणं आठवलं. निरोप पाठवायला हवा. उद्या दवाखान्यात कवळी बसवायची आहे, सुटका नाही. परवा पाठवतो.

२४ एप्रिल, गाव

राही गेली. वीस तारखेला. दादाने गाडीत घालून साताऱ्याकडे बैल पळवले, पण माहुलीच्या अलीकडेच तिचा श्वास अडकला. तार मिळून मी पोहोचलो तेव्हा लोक अग्नी द्यायचे थांबले होते.

दादाने मला दोष दिला नाही. एवढंच म्हणाला, "तू सांगितल्यागत मिठाचं पानी देत हुतो. श्यावटी त्ये बी जाईना." माझ्याकडे न बघता बोलला. त्याला खरंच वाटतं की मी सांगितलेलं बरोबर होतं आणि त्याच्याच देण्यात काहीतरी चुकलं.

आता जे लिहितो ते कोणाला सांगितलेलं नाही.

परवा सावडायला गेलो. राखेवर पाणी शिंपडलं आणि सगळे अस्थी वेचू लागले. मीही हात घातला. राखेत हात घातला की माझी बोटं शोधायला लागतील हे मला कळायला हवं होतं. अंगठ्याखाली काहीतरी आलं. मी पाहिलं नाही. बोटांनीच सांगितलं, खालची, डावी, शेवटची. बाकीचे दात आचेने फुटतात, ही हाडात अर्धी दडलेली, म्हणून राहिली. मूठ मिटली आणि हात खिशात गेला, दवाखान्यात जातो तसा.

सवयीने गेला असं म्हणतो. पण माहुलीला जाऊन मडकं नदीत सोडेपर्यंत पुष्कळ वेळ होता. हात बाहेर काढला नाही. ती किडलेली होती का हे मला बघायचं होतं. किडलेली असती तर मी नीट पाहिलं असतं तरी काही उपयोग नव्हता, असं म्हणता आलं असतं.

२९ एप्रिल, गाव

दहावा. केस उतरवले. पिंड ठेवला.

कावळे आले. लिंबावर बसले, खाली उतरले, पिंडाभोवती फिरले. शिवेनात. राहीची आई तानुबाई म्हणाल्या, "तिचं काय ऱ्हायलंय ते बोला कुनीतरी." एकेक जण हात जोडून पुढे झाला. तानुबाईंनी धाकट्या मुलीच्या लग्नाचं सांगितलं. दादाने तिच्या शेळीचं सांगितलं, इकणार न्हाई म्हणाला. कावळा जागचा हलला नाही.

शेवटी दादा मोठ्याने म्हणाला, "सयाजी परीक्षा देनार हाय बाई. तुज्यापायी सोडनार न्हाई. काळजी करू नगंस." तेव्हा एक कावळा चालत माझ्याकडे आला. माझ्या खिशाकडे मान वाकडी करून बघत उभा राहिला. लोकांना वाटलं नवऱ्यात जीव अडकलाय. बायका रडू लागल्या.

मी खिशावर हात धरला. उन्हं चढली. दर्भाचा कावळा करून शिववला.

३ मे, सांगली

परत आलो. साळूबाईंनी माझं डोकं पाहिलं आणि काही न विचारता मऊ भात वाढला.

दाढ धुतली. भिंगाखाली पाहिली. कीड नाही. कुठेही नाही. एका बाजूच्या उंचवट्यावर आचेची बारीक चीर, बाकी सगळी निरोगी. वर फक्त हिरडीची घडी होती. कापायला डॉक्टरांना किती वेळ लागला असता ते मला माहीत आहे, मी भांडं धरून रोज बघतो.

तपकिरीच्या रिकाम्या डबीत ठेवली. खिडकीखालीच नदी आहे. पण इथे सोडली तर ती तिच्या बाकीच्या अस्थींना कशी मिळणार. माहुलीलाच नेऊन सोडायला हवी. जाण्यायेण्यात अभ्यासाचे दिवस जातील. परीक्षा झाली की जाईन.

८ मे

औषधं झाली. रक्ताभिसरण पुन्हा वाचलं.

दुपारी डॉक्टरांनी तळहातावर दात ठेवला. खिशात हात घालून सांगितलं, खालची डावी अक्कलदाढ. ते म्हणाले, बघ. वरचा पुढचा दात होता. दुसरा दिला. अंगठ्याला दोन मुळं लागली, उंचवटे लागले, चीरही लागली. तेच उत्तर दिलं. मूठ उघडली तर सुळा. तिसऱ्यांदा डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, चार दिवस विश्रांती घे. मी म्हणालो, नको.

बोटं खोटं बोलत नाहीत. मला तीच लागते.

१३ मे

जिथली दाढ काढली होती त्या खड्ड्यात दुखतं आहे. हाडाचा कण राहिला असेल, तो वर येतो कधीकधी. पुस्तकात आहे.

डबी उघडली. दाढ मला बारीक वाटली. मुळांची टोकं झिजल्यासारखी. तळाशी पांढरी पूड.

१७ मे

हिरडी फुगली आहे. आरशात पाहिलं. काहीतरी वर येतंय. कण नाही, रुंद आहे.

साळूबाई म्हणाल्या, जेवताना उजवीकडेच का चावतोस. मग म्हणाल्या की सकाळी त्यांनी विचारलं, गावाकडं एकदा जाऊन का येत न्हाईस, तेव्हा मी म्हणालो, परीक्षा झाली की. मी असं म्हणालो नाही. त्या वेळी माझ्या तोंडात चूळ होती. "आरं, तोंड मिटून बोललास की रं. मला वाटलं चेष्टा करतूयास," म्हणाल्या.

२१ मे

डॉक्टरांना दाखवलं. खुर्चीत बसलो. ते पेटी घेऊन आले आणि त्यातली माझी दाढ हातात धरून पुन्हा माझ्या तोंडात पाहू लागले. टोकदार सळईने टकटक केलं. दात आहे, म्हणाले. अक्कलदाढेच्या जागी दुसऱ्यांदा अक्कलदाढ. त्यांनी कधी पाहिली नाही.

मग सळई पुसून ठेवली. नंतर विचारलं, काही जळतं तोंडात घेतलं होतंस का. नाही म्हणालो. ते म्हणाले की दाढेचा रंग चुन्याच्या भट्टीतून काढल्यासारखा आहे, आणि एका उंचवट्यावर चीर आहे, आचेने जाते तशी.

मला ती चीर माहीत आहे.

त्यांनी हिरडी कापायला सुरी घेतली. दाढेला लागली आणि टोक तुटलं. दुसरी घेतली. तीही. हात धुताना म्हणाले, हे माझं काम नाही, उद्याच मिरजेला जा. मी मान हलवली. खोलीवर आल्यावर पुस्तक उघडलं. आधी माहुली की मिरज. आधी तिचं तिला द्यायला हवं.

डबीत दाढेचा वरचा भागच उरला आहे.

२६ मे

डबीत फक्त पूड. दाढ नाही.

न्यायचं तेच उरलं नाही. पूड घेऊन घाटावर गेलो. राही म्हणालो आणि पाण्यात सोडली. पाण्यावर पसरली. बुडेना. मी उभा होतो त्या पायरीशी जमत राहिली. भर दुपार, बायका धुणं धूत होत्या, त्यांच्याकडे काहीच गेलं नाही.

जीभ लावली तर दाढ पूर्ण वर आली आहे. गरम आहे.

३० मे

गिळताना दुखतं. भाताला राखेची चव.

मिरजेला जायचं ठरवलं होतं. सकाळी टांगेवाल्याने खालून विचारलं, येताय का. मी खिडकीतून हो म्हणायला गेलो. टांगा निघून गेला. साळूबाईंनी विचारलं, त्याला परत का पाठवलास. मी नाही पाठवला. "पाठवलास की. परीक्षा झाली की म्हनलास," म्हणाल्या. आता हसत नव्हत्या. ताट ठेवून लगेच खाली गेल्या.

२ जून

तोंड दोन बोटंच उघडतं. तांबड्या खुणेचं पान. आता उघडावं लागत नाही. गिळताना दुखतं, मग दातखीळ, मग सूज. ओळीने येतंय. तिलाही असंच ओळीने आलं असेल. तिला पुढचं काय ते माहीत नव्हतं. बरं झालं की वाईट —

परीक्षेत हे आलं तर पूर्ण गुण.

४ जून

एक बोट. जबड्याखाली हात लावला. लाकूड.

चालत मिरजेला निघालो होतो. गल्लीच्या टोकाशी पाय वळले. खोलीत आलो. पुस्तकासमोर बसलो. मी नाही बसलो — बसवलं. डॉक्टर येऊन गेले असं साळूबाई दाराबाहेरून म्हणाल्या. मी आतून त्यांना परत पाठवलं म्हणे. त्याच शब्दांत.

राही, मी नीट बघायला हवं होतं. आरसा खिशात होता. फक्त काढायचा होता —

६ जून

तोंड बंद. पाणी जात नाही. जीभ वर —

साळूबाईंनी निरोप धाडला असावा. दादा आलाय. समोर बसलाय. फेटा मांडीवर. माझ्या मानेकडे बघतोय. म्हणतो, "राहीची मान अशीच झालती रं. ऊठ. मोटार आनलीया. मिरजंला जाऊ."

इथे लिहून दाखवलं — हो, आत्ता ने. वही त्याच्यापुढे धरली. तो अक्षरांकडे बघतो, माझ्याकडे बघतो. "मला कुठं वाचता येतंय गड्या. त्वांडानं सांग."

मान हलवायला गेलो. हलत नाही.

बोललं. ओठ मिटलेले. माझाच आवाज, शांत. घाबरायचं नाही दादा. मिठाच्या पाण्याने उतरेल. परीक्षा झाली की जाऊ.

दादा माझ्या मानेकडे बघत राहिला. मग म्हणाला, तू शिकल्याला हाईस, तुला ठावं. फेटा बांधतोय. गाडीवाल्याला सांगून येतो म्हणतो, परीक्षेनंतर बघू —

दादा, जाऊ नको. सदरा धरलाय मी त्याचा. तो हात सोडवतोय, हळूच, आजाऱ्याचा सोडवतात तसा — जिन्यावर —

हे मी बोललो नाही. दादा. हे मी बोललो नाही. म्हणजे बोललो होतो, पण तेव्हा ती —